निळा ठिपका जागेवरच होता

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. माझ्या काचेच्या कोपऱ्यात तडा गेला आहे, आवाजाचे बटण दाबले की आतच रुतून बसते, आणि चार्जिंग म्हणाल तर म्हाताऱ्या माणसाच्या झोपेसारखे, लागले म्हणेपर्यंत संपते. जालन्यातल्या मस्तगडाजवळ दोन खोल्यांचे एक घर आहे. तिथल्या लोखंडी कपाटात मला एका ओढणीत गुंडाळून ठेवले आहे. ओढणी पायलची आहे आणि मीही पायलचाच.

मोबाइल म्हटला की तुम्हाला गाणी, खेळ आणि गमतीजमती आठवतात. माझी गोष्ट तशी नाही. ती ऐकून तुमचे मन रमणार नाही हे मला ठाऊक आहे. पण ती पहिल्यापासून शेवटपर्यंत माहीत असलेला आता मी एकटाच उरलो आहे, म्हणून सांगतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. त्याची हकीगत लांबवत नाही, कारण आम्हा सगळ्या मोबाइलांची ती सारखीच असते. माझा पहिला मालक नव्या मोंढ्यातल्या एका व्यापाऱ्याचा मुलगा होता. वर्षभर त्याने मला हातातून खाली ठेवले नाही. मग बाजारात माझ्याहून मोठ्या काचेचा एक भाऊ आला. कानामागून आला आणि तिखट झाला म्हणतात ना, तसेच झाले. एका दुपारी मालकाने मला जुने मोबाइल विकणाऱ्या साजिदभाईंच्या दुकानात देऊन टाकले.

साजिदभाईंचे दुकान म्हणजे आमचे म्हातारपणीचे घर. काचेच्या पेटीत आम्ही दहा-पंधरा जण रांगेने पडलेलो असायचो. त्यांनी माझी बॅटरी बदलली, बारीक ब्रशने कानाकोपरे साफ केले आणि येणाऱ्या गिऱ्हाइकाला माझ्याकडे बोट दाखवून सांगू लागले, की चीज चांगली हाय, दिसायला जुनी हाय एवढंच. कुणी आपले कौतुक केले की बरे वाटते, मग तो विकणारा का असेना.

तिथूनच मला राजानंद यांनी घेतले. हे मूळचे वाटूरचे. पोरीच्या शिक्षणासाठी गाव सोडून जालन्यात राहायला आले होते. एमआयडीसीतल्या एका बियाण्यांच्या गोदामावर ते सुरक्षा रक्षक होते. गेटजवळच्या केबिनमध्ये बसायचे आणि समोरच्या पडद्यांवर कॅमेऱ्यांतली चित्रे पाहायची, हे त्यांचे काम. कुठे गेट दिसते, कुठे मागची भिंत, कुठे पोत्यांच्या थप्प्या. पडद्यावर काही हलले नाही, की ड्यूटी चांगली गेली, असे ते घरी आल्यावर सांगत. या कामात त्यांचा हात धरणारे कुणी नव्हते. भिंतीवरून मांजर गेले तरी त्यांना दिसायचे.

त्यांची बायको बेबीनंदा दुसऱ्या एका गोदामात बियाणे निवडायला जायची. आणि त्यांची एकुलती एक मुलगी म्हणजे पायल. दहावीला चांगले गुण मिळवून ती अकरावी सायन्सला गेली होती. तिला नर्स व्हायचे होते. राजानंद यांच्या वडिलांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात राबून मुलाला बारावीपर्यंत शिकवले होते. आता मुलाने आपल्या पोरीला त्याच्या पुढे न्यायचे, असा त्या घराचा हिशेब होता. अभ्यासाचे तास मोबाइलवर येतात म्हणून त्यांनी मला घेतले आणि पायलच्या हातात देताना बजावले.

"हा अभ्यासासाठी हाय. यात एक जरी वाकडी गोष्ट दिसली, तं फोन बी बंद आन् कॉलेज बी बंद. मंग मला म्हणू नको."

पायल हसली. म्हणाली, "पप्पा, तुम्ही रोज तपासत जा ना." आणि तिने आपणहून त्यांना माझे कुलूप कसे उघडायचे ते दाखवून दिले. त्या वेळी त्यांनी ते नीट पाहिलेही नाही. माझा विश्वास हाय तुझ्यावर, असे म्हणून ते जेवायला बसले.

मित्रांनो, ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते. सकाळी पायल माझ्यावर जीवशास्त्राचे तास ऐकायची. आकृत्यांचे फोटो काढायची. आईला वाचता येत नव्हते, तर तिने तिला वाटूरच्या मावशीला व्हिडिओ कॉल लावायला शिकवले. बेबीनंदा माझ्याकडे पाहून बोलण्याऐवजी मला कानाला लावायची आणि पलीकडे मावशीला नुसता कान दिसायचा. त्यावरून मायलेकी पोट धरून हसायच्या. चौदा एप्रिलला पायलने पांढरी साडी नेसली, राजानंद यांनी निळा फेटा बांधला, आणि विहाराबाहेर तिघांनी माझ्यात फोटो काढला. तो अजून माझ्यात आहे.

मग ती बातमी आली. वाटूरला त्यांच्या नात्यातली एक मुलगी घर सोडून निघून गेली. कुणा मुलाशी तिची फोनवर ओळख झाली होती, असे लोक म्हणाले. खरे काय नि खोटे काय, कुणी पाहायला गेले नाही. पण जो भेटेल तो राजानंद यांना म्हणायचा, की तुझी पोरगी तर शहरात आहे आणि तिच्याकडे फोनही आहे. रोज कुणीतरी असे बोलले, की चांगल्या माणसाच्या पोटातही भीती घर करते. राजानंद यांचे तसेच झाले. ते वाईट बाप नव्हते. हे मी पुन्हा पुन्हा सांगेन, कारण माझी गोष्ट ऐकून तुम्ही त्यांना वाईट म्हणाल आणि आपल्या घरात असे काही नाही म्हणून निश्चिंत व्हाल.

त्यांच्याबरोबर ड्यूटी करणारे राजूरचे काकासाहेब होते. त्यांनी कुठेतरी ऐकले होते, की फोनमध्ये एक ॲप टाकता येते आणि मग पोरगी कुठे आहे, काय लिहिते, काय शोधते, सगळे आपल्या फोनवर बसल्या जागी दिसते. राजानंद यांना ते फार पटले. ते त्यांच्या कामासारखेच होते. दुसऱ्या दिवशी बॅटरी दाखवून आणतो असे पायलला सांगून ते मला साजिदभाईंकडे घेऊन गेले.

साजिदभाईंनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "भाऊ, टाकून देतो मी. पण एक बोलू का? पोरीला सांगून टाका. चोरून टाकलेलं कधी ना कधी कळतंच."

"सांगितल्यावर मंग काय उपयोग?" राजानंद म्हणाले.

साजिदभाईंनी मला वायर जोडली. गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. त्यांनी माझ्या पोटात ते ॲप टाकले आणि त्याचे चित्र असे लपवले, की उघड्या डोळ्यांनी कुणाला दिसू नये. राजानंद यांच्या फोनवर जालन्याचा नकाशा उमटला आणि त्यात एक निळा ठिपका चमकू लागला. तो ठिपका म्हणजे मी. त्यांच्या दृष्टीने तो ठिपका म्हणजे पायल.

तेव्हापासून केबिनमधल्या पडद्यांच्या जोडीला आणखी एक छोटा पडदा आला. आधी ते फक्त ठिपका पाहायचे. कॉलेज, घर, आणि मस्तगडाजवळची अभ्यासिका, या तीन ठिकाणांपलीकडे तो जात नव्हता. तेवढ्यावर थांबायला हवे होते. पण झाकलेले भांडे हाताशी असले की माणूस झाकण उचलून पाहतोच. ते तिचे मेसेजही वाचू लागले. तिने काय शोधले त्याची यादी पाहू लागले. आणि वाचलेले पोटात ठेवणे त्यांना जमेना. एकदा जेवताना ते म्हणाले, की केमिस्ट्रीच्या सरांना नावे ठेवू नयेत. पायलचा घास हातातच राहिला. सरांची नक्कल तिने फक्त रुखसारला लिहून पाठवली होती.

"तुम्हाला कसं कळलं?" तिने विचारले.

"बापाला सगळं कळतं," ते म्हणाले आणि भाजी वाढून घेतली.

रुखसार ही पायलची जिवाभावाची मैत्रीण. अभ्यासिकेत दोघी शेजारी शेजारी बसायच्या. दुसऱ्या दिवशी अभ्यासिकेच्या जिन्यात उभ्या राहून दोघींनी मला उलटेपालटे करून शोधले आणि ते लपलेले ॲप सापडले. रुखसार म्हणाली, की आत्ताच काढून टाक. पायलने मान हलवली. काढले तर पप्पांना लगेच कळेल, आणि काहीतरी लपवते म्हणून काढले असेच ते धरतील. मग फोन बंद, कॉलेज बंद. तिने मला पुन्हा पिशवीत ठेवले.

त्या दिवसापासून माझी पायल बदलली. चोरी न करता ती चोरासारखी वागू लागली. रुखसारला लिहिलेली गंमत पाठवण्याआधी पुसून टाकायची. मावशीशी बोलताना आवाज खाली करायची. हळूहळू तिने लिहिणेच सोडले. माझ्यावर फक्त तास, प्रश्नपत्रिका आणि 'हो पप्पा' एवढेच उरले. तिकडे केबिनमध्ये राजानंद खूश झाले. पडदा शांत झाला होता. काही हलत नव्हते. त्यांना वाटले, पोरगी मार्गाला लागली.

बारावीच्या परीक्षेनंतर नर्सिंगच्या सीईटीचा अभ्यास सुरू झाला. त्याच सुमारास पायलचे पोट दुखू लागले. उजवीकडे खाली कळ यायची, मळमळायचे, मग दोन दिवस बरे वाटायचे. परीक्षेच्या ताणाने तिची पाळीही पुढे गेली होती. आईला सांगावे तर आई दिवसभर कामावर. आणि एक सवय अशी असते की काही अडले की फोनला विचारायचे. तिने मला विचारले. मळमळ का होते, पोट का दुखते, पाळी उशिरा का येते. क्षणभर ती विसरली होती, की मला विचारलेले फक्त मला विचारलेले नसते.

मित्रांनो, मी तिला बरीच उत्तरे दाखवली. त्यात एक उत्तर खरेही होते. पण केबिनमध्ये बसलेल्या राजानंद यांनी उत्तरे पाहिली नाहीत. त्यांनी फक्त तिचे प्रश्न पाहिले आणि त्यांच्या डोळ्यांपुढे वाटूरची ती मुलगी उभी राहिली. आजवर साप साप म्हणून भुई धोपटणाऱ्या माणसाला आता खरोखरच साप दिसला असे वाटले.

ते घरी आले. पायलला त्यांनी काही विचारले नाही. तोंडावर कसे विचारायचे, हे त्यांना कळले नसावे. त्यांनी बेबीनंदाला बाजूला घेतले आणि दबक्या आवाजात काही सांगितले. मी तेव्हा स्वयंपाकघरातल्या फळीवर चार्जिंगला होतो. बेबीनंदाने गॅस बंद केला. दुसऱ्या दिवशी तिने औषधाच्या दुकानातून एक पट्टी आणली. दिवस गेलेत का ते बाया ज्या पट्टीवर पाहतात, तीच. ती तिने लेकीच्या हातात दिली. तिच्याकडे पाहण्याचे धाडस बेबीनंदाला झाले नाही. तुझे पप्पा म्हणतात एकदा पाहून घे, एवढेच ती म्हणाली.

पायलने पट्टीकडे पाहिले, मग फळीवर पडलेल्या माझ्याकडे पाहिले. तिला सगळे समजले. ती रडली नाही, भांडली नाही. मुकाट्याने आत गेली आणि बाहेर येऊन पट्टी आईपुढे ठेवली. तिच्यात काहीच निघाले नाही. निघणारच नव्हते.

त्या संध्याकाळी राजानंद यांनी जिलेबी आणली. इतके दिवस छातीवर असलेला दगड उतरला होता ना. पायलच्या ताटात त्यांनी स्वतःच्या हाताने जिलेबी वाढली आणि अभ्यासाचे विचारले. त्या पट्टीबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढले नाही. आणि पोट का दुखते, हेही कुणी विचारले नाही. भीती खोटी ठरली तसे दुखणेही खोटे ठरले, असे त्या घराने धरून घेतले. पायलने ताट तसेच ठेवले. मला त्या माणसाचा फार राग आला आणि दयाही आली. मोबाइलाला राग येत नाही असे तुम्ही म्हणाल. म्हणा.

कळ पुन्हा येऊ लागली. या खेपेला ती मोठी होती. पण आता पायलला त्या दुखण्याचीच लाज वाटू लागली होती. पोट दुखते म्हटले तर पुन्हा ती पट्टी येईल, पुन्हा आई खाली पाहील. तिने मला काही विचारणे बंद केले. दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून ती खायची. गोळीने कळ दबायची आणि आतला आजार मात्र वाढत राहायचा. रुखसारने विचारले तर म्हणायची, पाळीचे दुखते.

एका दुपारी, कळ ओसरल्यावर, तिने मला हातात घेतले आणि वडिलांना मेसेज लिहायला घेतला. पप्पा, माझं पोट खरंच खूप दुखतंय, मला दवाखान्यात न्या, असे ते शब्द होते. मग एकेक अक्षर तिने पुसून टाकले. पुन्हा लिहिले, पुन्हा पुसले. साजिदभाईंनी माझ्यात टाकलेले ते ॲप मोठे हुशार होते. पाठवलेला प्रत्येक शब्द ते राजानंद यांच्यापर्यंत पोहोचवायचे. पुसलेले शब्द मात्र त्याच्या हिशेबात नव्हते. ते फक्त माझ्या काचेने पाहिले, आणि माझ्या काचेला तोंड नाही.

आता त्या दिवसाचे सांगतो.

अभ्यासिका एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर होती. आत लाकडी फळ्यांनी केलेले लहान लहान खण, प्रत्येकात एक खुर्ची आणि एक दिवा. बोलायचे नाही, चपला बाहेर, आणि फोन आवाज बंद करून दाराजवळच्या कप्प्यांत ठेवायचा, असा तिथला नियम. पायलने सकाळीच मला कप्प्यात ठेवले. तिचा हात तापलेला होता. भिंतीला धरत ती आपल्या जागेवर गेली आणि थोड्या वेळाने तिने टेबलावर डोके टेकले.

अभ्यासिकेत डोके टेकून पडलेल्या मुलीला कुणी उठवत नाही. रात्र रात्र जागणारी मुले असतात, दुपारी डोळा लागतोच. शेजाऱ्याची झोप मोडू नये म्हणून तिथे लोक खुर्चीही उचलून सरकवतात. पाणी प्यायला गेलेल्या मुली तिच्या मागून चवड्यांवर चालत गेल्या. घरची कामे आटोपून रुखसार दुपारी आली. तिनेही पाहिले आणि वाटले, झोपू द्या बिचारीला. तिच्यावरचा दिवा तिने हळूच बंद केला.

कप्प्यात माझी काच उजळली. राजानंद यांचा मेसेज होता. अभ्यास चालू आहे ना, असे त्यांनी विचारले होते. उत्तर गेले नाही. संध्याकाळपर्यंत गेले नाही. पण राजानंद यांना त्यात काही वावगे वाटले नाही. नकाशात ठिपका सकाळपासून जिथे होता तिथेच होता. त्यांनी तो काकासाहेबांना दाखवला आणि अभिमानाने म्हणाले, "पाहा, पोरगी सकाळपासून जागची हलली न्हाई." हे मला पुढे काकासाहेबांच्याच तोंडून कळले.

दिवेलागणीला घरी निघायचे म्हणून रुखसारने तिच्या खांद्याला हात लावला आणि तिला चटका बसला. हाका मारल्या, हलवले, पायलने डोळे उघडले पण तिला ओळख पटेना. रुखसार धावत कप्प्याशी आली. माझे कुलूप तिला ठाऊक होते. तिने माझ्यावरूनच राजानंद यांना फोन लावला.

"काका, पायल उठंना गेली. अंग लई तापलंय तिचं."

"ती तं अभ्यासिकेत हाय ना?" राजानंद म्हणाले. त्यांचा आवाज मी ऐकला. घाबरलेला नव्हता, गोंधळलेला होता. जणू पडद्यावर एक दिसते आणि गेटवरून कुणी भलतेच सांगते.

"हाव काका, अभ्यासिकेतच हाय. तुम्ही जल्दी या."

रुखसारने आणि दोन मुलींनी तिला उचलून खाली आणले आणि रिक्षात घातले. मी रुखसारच्या मुठीत होतो. दवाखान्यात राजानंद आणि बेबीनंदा मागोमाग पोहोचले. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिले आणि लगेच ऑपरेशनची तयारी करायला सांगितली. अपेंडिक्स फुटले होते आणि त्याचे विष पोटभर पसरले होते. किती दिवसांपासून दुखत होते, असे त्यांनी विचारले. हे उत्तर त्या खोलीत फक्त दोघांना माहीत होते. त्यातली एक खाटेवर होती, आणि दुसरा मी.

सलाइन लावल्यावर पायल थोडी शुद्धीवर आली. राजानंद तिच्यावर वाकले. इतकं दुखत होतं तर सांगितलं का नाहीस बाई, असे ते पुन्हा पुन्हा विचारत होते.

"तुम्हाला तं सगळंच दिसत व्हतं, पप्पा."

तिच्या आवाजात राग नव्हता. टोमणाही नव्हता. तिला खरोखरच तसे वाटत होते. मग तिला आत नेले.

ऑपरेशन झाले. तिने काही दिवस तग धरला. डॉक्टरांनी जे करता येईल ते केले, हे मी सांगितले पाहिजे. पण विष रक्तात गेले होते. पायल घरी आली नाही.

मित्रांनो, यापुढचे मी थोडक्यात सांगतो, कारण मलाही सांगवत नाही. गेलेल्या माणसासाठी घरी करतात तो जलदानविधी झाला. पायलचा फोटो ठेवला होता, विहाराबाहेर काढलेला, पांढऱ्या साडीतला. बेबीनंदाने मला त्या फोटोजवळ आणून ठेवले. आपण पट्टी आणली पण लेकीच्या पोटावर एकदा हात ठेवून पाहिला नाही, हे ती येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगत होती. बाया तिला जवळ घेत होत्या. साजिदभाई दाराशीच उभे राहिले आणि तिथूनच हात जोडून निघून गेले. रुखसार भिंतीला टेकून बसली होती.

वंदना झाली, लोक पांगले. काकासाहेब मागे थांबले. त्यांची मुलगी राजूरहून भोकरदनला कॉलेजला जायची. त्यांनी सतरंजीची घडी घातली. मग राजानंद यांच्या जवळ बसून हलक्या आवाजात म्हणाले, "भाऊ, आज इचारू नये. पण पोरगी एकटी येऊन-जाऊन राह्यली. ते ॲप बराबर चालतं का?"

मला वाटले, राजानंद आता भडकतील. ते भडकले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"चालतं," ते म्हणाले. "बराबर चालतं. ती जिथं व्हती, तिथंच दाखवत व्हतं."

काकासाहेबांनी मान डोलावली आणि चप्पल घालून निघाले. त्यांना काय समजले, ते मला माहीत नाही. भोकरदनला जाणाऱ्या त्या मुलीचाही काकासाहेबांच्या फोनमध्ये आज आणखी एक ठिपका चमकत असेल का, हा विचार मला कपाटात पडल्या पडल्या छळतो.

राजानंद अजून त्याच गोदामावर आहेत. कामाशिवाय पोट कुणाचे भरले आहे? पण घरी आले की ते आता ड्यूटी कशी गेली हे सांगत नाहीत. हातपाय धुऊन बेबीनंदाजवळ बसतात आणि विचारतात, की तुझे काही दुखत आहे का. ती नाही म्हणते. ते तिच्या तोंडाकडे पाहत राहतात. थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारतात. कपाटाच्या पत्र्याआडून मला ते रोज ऐकू येते.

म्हणून, मित्रांनो, माझे एवढे ऐका. तुमच्या घरी तुमचा फोन कुणी पाहत असेल, तर तुम्ही चिडाल, लपवाल, नाहीतर पायलसारखे गप्प बसाल. चिडलात तरी चालेल. पण दुखले तर सांगा. भांडून सांगा, रडून सांगा, एकाने ऐकले नाही तर दुसऱ्याला सांगा, पण ते मनात ठेवून टेबलावर डोके टेकू नका. आणि ही गोष्ट तुमच्या आईवडिलांनाही वाचायला द्या. त्यांना म्हणावे, एक जुना मोबाइल हात जोडून सांगतो आहे. मुलांची काळजी वाटणे चूक नाही, लहान वयात लक्षही ठेवावे लागते. पण ठेवायचे तर त्यांना सांगून ठेवा, आणि काही दिसले तर आधी त्यांनाच विचारा. आम्हा फोनांना मूल कुठे आहे ते कळते. ते कसे आहे, हे आम्हाला कधीच कळत नाही.

राजानंद आता रोज जो प्रश्न विचारतात, तो विचारायला कोणतेही ॲप लागत नाही. पायलला तेवढाच एक प्रश्न हवा होता.